चार पोत्यांची झालर: बॉक्स स्प्रिंग झाकण्यामागची गोष्ट

(हे या भागाचं लिखित रूप. बोलताना वाक्यं जिथे फारच इकडेतिकडे गेली होती तिथे सरळ करून घेतली आहेत. बाकी जसं बोललो तसंच.)

आज आपण पलंगाच्या खाली वाकून बघणार आहोत.

अमेरिकेत शिकायला गेलेला एखादा मित्र असेल तर त्याला विचारा, पहिल्या महिन्यात घरात काय आणलं? बऱ्याचदा उत्तर येतं, सेकंडहँड गादी आणि तिच्याखालचा तो खोका. त्या खोक्याला म्हणतात बॉक्स स्प्रिंग. आपल्याकडे हा प्रकार फारसा नाही. आपल्याकडे दिवाण असतो, नाहीतर प्लायवुडचा बॉक्स बेड असतो, त्यावर गादी टाकली की विषय संपला. बॉक्स स्प्रिंग म्हणजे लाकडी पट्ट्यांची चौकट, आत तारेच्या स्प्रिंगा, वरून थोडं पॅडिंग आणि सगळ्याला गुंडाळलेलं कापड. खालच्या बाजूला पातळ, जाळीसारखं कापड स्टेपल केलेलं असतं. (आजकाल बऱ्याच बॉक्स स्प्रिंगमध्ये स्प्रिंगच नसते, नुसता सांगाडा असतो. नाव तेवढं राहिलंय.) उंची साधारण ९ इंच. आणि दिसायला? दुकानातून आणलेल्या फ्रीजच्या खोक्यावर कोणीतरी गादी टाकलीय, असं.

मग सगळ्यांना एकच प्रश्न पडतो. हे स्वस्तात झाकायचं कसं? कोणी जुनी चादर आणि सेफ्टी पिना सुचवतं, कोणी स्टेपल गन, कोणी म्हणतं खाली झालर लाव. तिकडे तिला बेड स्कर्ट म्हणतात, पलंगाचा घागराच म्हणा ना.

पण मला या प्रश्नातला एकच शब्द अडकवून ठेवतो, तो म्हणजे 'स्वस्तात'. पलंग झाकायला कापड स्वस्तात मिळू शकतं, ही गोष्टच इतिहासात अगदी कालपरवाची आहे. त्याआधी शेकडो वर्षं गणित बरोबर उलटं होतं. लाकूड स्वस्त, कापड महाग.

जुन्या इंग्रजीत 'बेड' म्हटलं की गादी, उशा, पांघरुणं, पडदे हेच डोळ्यांसमोर यायचं. लाकडाच्या सांगाड्याला वेगळा शब्द होता, 'बेडस्टेड'. शेक्सपिअरचं १६१६ सालचं मृत्युपत्र यासाठी गाजलेलं आहे. त्यात त्याने बायकोला आपला 'दुसऱ्या नंबरचा' पलंग ठेवलाय, आणि सोबत त्याचं 'फर्निचर'. आता पलंगाला आणखी फर्निचर कुठलं? तर तिथे त्या शब्दाचा अर्थ पडदे, चादरी, गाद्या असा आहे. लोक आजही त्या ओळीवरून भांडतात की त्याने बायकोचा अपमान केला की प्रेमाने दिलं. मला ते ठरवायचं नाहीये. पण तो पलंग मृत्युपत्रात यायच्या लायकीचा होता तो बराचसा त्याच्यावरच्या कपड्यामुळे, हे नक्की.

सांगाडा कसाही चालायचा, कारण तो दिसतच नसे. वरून छत, चारी बाजूंनी पडदे आणि खाली जमिनीपर्यंत झालर. थंडीच्या देशात तो एक तंबूच होता.

आणि इथे आपण येतो. म्हणजे खरंच आपण. सतराव्या-अठराव्या शतकात युरोपातल्या श्रीमंत पलंगांवर जे कापड पडलं, त्याला ते 'पॅलमपोर' म्हणायचे. जरा मोठ्याने म्हणून बघा. पॅलमपोर... पलंगपोस! आपलाच शब्द त्यांच्या तोंडात जाऊन असा झाला. कोरोमंडल किनाऱ्यावर हाताने रंगवलेली ही सुती छीट धुतली तरी रंग सोडत नसे, आणि तिकडे हे कोणाला जमत नव्हतं. मग व्हायचं तेच झालं. तिथल्या लोकरीच्या आणि रेशमाच्या कारागिरांनी ओरड केली आणि सरकारांनी बंदी घातली. फ्रान्सने १६८६ मध्ये. इंग्लंडने आधी १७०० मध्ये आयात रोखली, मग १७२१ मध्ये छापील सुती कापड अंगावर घालणं आणि घरात वापरणंच बेकायदा केलं. पलंगाला छिटेचा पडदा लावणं हा गुन्हा! विचार करा.

यातला एक किस्सा मला फार आवडतो. डेव्हिड गॅरिक हा अठराव्या शतकातला लंडनचा सगळ्यात मोठा नट. त्याला आणि त्याच्या बायकोला कलकत्त्याहून छिटेचं कापड भेट आलं. हॅम्प्टनच्या बंगल्यातल्या पलंगाला लावायचं होतं. कस्टम्सवाल्यांनी ते जप्त केलं. एवढा मोठा नट, पण १७७५ मध्ये त्याला सरकारी अधिकाऱ्याला विनवणीचं पत्र लिहावं लागलं, की बाबा, बायको फार दुःखी आहे, कापड सोडा. तो हिरवा-पांढरा रंगवलेला पलंग आणि त्याची छीट आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. लाकडी काम पाहिलं तर नाजूक आणि साधं आहे. सगळा दिमाख कापडाचा.

मग हे कापड स्वस्त झालं कसं? हे उत्तर शाळेत अर्धं सांगतात. यंत्रं आली, लँकेशायरच्या गिरण्या आल्या, सूत स्वस्त झालं. बरोबर आहे. पण गिरणीला कापूस लागतो, आणि तो अमेरिकेच्या दक्षिणेत गुलाम माणसांकडून वेचून घेतला जात होता. स्वस्त कापडाच्या किमतीत त्यांच्या मजुरीचा आकडा शून्य होता. आपल्या विणकरांची तर हातातली बाजारपेठच गेली. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडकला आणि मुंबई बंदरातून निघणाऱ्या कापसाला सोन्याचा भाव आला. ती तेजी, तो शेअरचा जुगार आणि १८६५ चा आपटीबार हा वेगळ्या एपिसोडचा विषय आहे. मी त्याच्यात शिरलो तर आज पलंगाखालून बाहेर येणार नाही.

आता एक गंमत बघा. कापड स्वस्त झालं आणि नेमकं तेव्हाच पलंगावरून कापड उतरवायची मोहीम सुरू झाली. कारण रोगराई. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५९ च्या सुमारास रुग्णसेवेवर जे पुस्तक लिहिलं त्यात तिने रुग्णासाठी स्प्रिंगांचा लोखंडी पलंग सांगितलाय, गादीपर्यंत हवा खेळली पाहिजे म्हणून. आणि कंसात बजावलंय की झालर अर्थातच नको. पडदे आणि झालरी म्हणजे धूळ आणि ढेकूण. पुढे जंतूंचं शास्त्र आलं, क्षयाची भीती बसली आणि मध्यमवर्गीय घरातसुद्धा पलंग उघडा पडला.

त्याच काळात दोऱ्या विणलेल्या खाटांची जागा तारांनी घेतली. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या केनोशा गावी झॅलमन सिमन्सने १८७० च्या दशकात विणलेल्या तारेच्या जाळ्या कारखान्यात काढायला सुरुवात केली. मग वेटोळ्या स्प्रिंगा आल्या, आणि त्या स्प्रिंगा लाकडी खोक्यात बसवून वरून गादीपाट ताणलं की झालं बॉक्स स्प्रिंग. गादीपाट म्हणजे आपल्या गाद्यांना वापरतात ते पट्ट्यापट्ट्यांचं घट्ट विणीचं कापड, तेच. खोका काही सुंदर दिसावा म्हणून बनवलेला नव्हता. वर चादर येणार, खाली कोण बघतंय? पण लाकडी पलंगाच्या बाजूपट्ट्या बारीक होत गेल्या, मग काही पलंगांत उरल्याच नाहीत, आणि खोका उघडा पडला. साधूबुवांच्या लंगोटीसारखी अवस्था. झाकलंय म्हणावं तर झाकलेलं नाही.

इथपर्यंतची गोष्ट पैसेवाल्यांची. आता ज्यांच्यासाठी 'बजेट' हा शब्द गोड होता त्यांच्याकडे जाऊ.

१९२० चं दशक संपता संपता अमेरिकेत मंदी आली. कापूस १९२९ मध्ये पौंडाला १६-१७ सेंट होता, तो दोनतीन वर्षांत ६ सेंटच्या आसपास आला. शेतकऱ्याच्या घरात नवीन कापड येणं बंद झालं. पण एक कापड येत राहिलं, कारण ते विकत घेतलंच जात नव्हतं. ते फुकट यायचं. पोत्याचं कापड.

त्याचं असं झालं होतं की आधी पीठ लाकडी पिंपात मिळायचं, एका पिंपात १९६ पौंड. शिलाई मशीन आलं तेव्हा पोत्याची शिवण पीठ सांडणार नाही इतकी पक्की झाली. मग पिंपाचे हिस्से पडले, ९८ पौंडांचं पोतं, ४९ चं पोतं. पीठ-साखरेची पोती बऱ्यापैकी तलम, आपल्या मांजरपाटासारखी. कोंबड्यांच्या आणि गुरांच्या खाद्याची जाडीभरडी, त्या कापडाला ओस्नाबर्ग म्हणत. आणि हे ओस्नाबर्ग तेच, जे गुलामीच्या काळात मळेवाले गुलामांच्या कपड्यांसाठी घ्यायचे. काही घरांमध्ये पणजीने अंगावर घातलेलं कापड पणतीने पलंगाला लावलं असणार.

१०० पौंड खाद्याचं पोतं उसवलं की साधारण ३६ इंच बाय ४२ इंच कापड निघायचं. उसवायचीही खुबी होती. शिवण साखळी टाक्याची असायची, योग्य टोक सापडलं की एका ओढीत अख्खी सुटायची. तो दोराही टाकत नसत, गुंडी करून ठेवत आणि क्रोशाला वापरत. पुढचं काम त्रासाचं, म्हणजे कंपनीचं नाव घालवणं. शाई पक्की असायची. रात्रभर रॉकेलमध्ये किंवा चरबी चोळून भिजत ठेवायचं, मग घरच्या साबणाने घासायचं. तरी एखादं अक्षर राहायचंच. पलंगाच्या झालरीवर कोंबडीच्या खाद्याचा छाप दिसला तर पाहुण्यांना घरची परिस्थिती कळणार, ही धास्ती. ती अक्षरं घासणाऱ्या बाईचे हात डोळ्यांसमोर आणा, कारण या सगळ्या 'फुकट' कापडाची किंमत तिथे मोजली जात होती.

गिरणीवाल्यांच्या हे लक्षात आलं. सेंट लुईसच्या एका पीठ गिरणीने १९२५ मध्ये चौकटीच्या कापडाच्या पोत्यात पीठ विकायला काढलं, त्याची कल्पना आसा बेल्स नावाच्या माणसाने पेटंट केली होती. मग रांगच लागली. फुलं, ठिपके, पट्टे. लेबल कागदाचं, पाण्यात टाकलं की निघणार. पोती बनवणाऱ्यांच्या संघटनेने तर पोत्यांपासून काय काय शिवता येईल याच्या पुस्तिका काढल्या: फ्रॉक, पडदे, उशीचे अभ्रे, पलंगाच्या झालरी. आता नवरा खाद्य आणायला दुकानात निघाला की बायको हातात नमुन्याचा तुकडा देणार, याच छापाचं आण. आणि हवं ते पोतं नेमकं थप्पीच्या तळाशी असणार!

मी एकदा बसून हिशोब केला. त्या वेळचा डबल बेड ५४ इंच बाय ७५ इंच. डोक्याकडची बाजू भिंतीला, म्हणजे झालर तीन बाजूंना: ७५ अधिक ५४ अधिक ७५, एकूण २०४ इंच. झालरीची उंची १४ इंच धरली तर एका पोत्यातून ३६ इंच रुंदीच्या तीन पट्ट्या निघतात. सपाट झालर करायची तर सहा पट्ट्या, दोन पोती. चुण्या घालायच्या तर कापड दुप्पट, बारा पट्ट्या, चार पोती. चार पोती म्हणजे ४०० पौंड खाद्य, आणि चारही एकाच छापाची. कोंबड्या तेवढं खाईपर्यंत बाईने थांबायचं. आपण आज ऑर्डर करतो आणि दोन दिवसांत दारात.

बॉक्स स्प्रिंग या घरांमध्ये क्वचितच असायचं, ते गावातल्या लोकांचं. शेतावर बहुतेक लोखंडी खाट आणि उघड्या तारा. गंजलेली तार गादीला भोक पाडते, धूळ वर येते, म्हणून तारांवर पोत्याचं कापड ताणायचं. झालरीआधी हे. शोभा नंतर.

आणि त्या तारांवर गादी कसली? मक्याच्या कणसावरची सालं भरलेली खोळ. किंवा गवत. लुइझियानात झाडावरून लोंबणारं शेवाळ. कूस बदलली की आवाज होणारी गादी. यात विचित्र काय आहे सांगू? ही माणसं दिवसभर कापूस वेचत होती. १९३३ मध्ये भाव चढावेत म्हणून सरकारने शेतकऱ्यांना पैसे देऊन सुमारे १ कोटी एकरांवरचं उभं कापसाचं पीक नांगरायला लावलं, आणि त्यातले पैसे कुळापर्यंत बऱ्याचदा पोचलेच नाहीत. पुढे सरकारी गोदामांत लाखो गाठी पडून राहिल्या. युरोपात युद्ध सुरू झालं, निर्यातीची दारं बंद झाली. गोदामात कापसाचे डोंगर आणि कापूस पिकवणारा मक्याच्या सालांवर झोपलेला.

मग १९४० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने एक साधी योजना आणली. ज्या शेतकरी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ४०० डॉलरच्या आत, त्याला ५० पौंड कापूस आणि १० यार्ड गादीपाट. तयार गादी नाही, कच्चा माल. गादी स्वतः करायची. शाळा, चर्च, रिकामं दुकान, मिळेल तिथे केंद्रं उघडली. सरकारच्या कृषी विस्तार सेवेतल्या शिक्षिका शिकवायच्या. गाठीतला दाबलेला कापूस बायका काठ्यांनी झोडपून फुलवायच्या. आपल्याकडे पिंजारी दारावर यायचा आणि धनुकलीचा तो टंकार गल्लीभर घुमायचा, तेच काम, फक्त धनुकलीऐवजी काठ्या. मग खोळीत भरायचा, कडा वळवून शिवायच्या, लांब सुईने टाके घालून बांधायचा. दक्षिणेत सगळंच वेगळं होतं, काळ्या आणि गोऱ्या कुटुंबांचं इथेही वेगळंच. तरी काळ्या विस्तार शिक्षिकांनी आपल्या भागात हे काम जोरात नेलं. अनेक घरांत ती पहिली कापसाची गादी होती.

मला कोणी विचारलं की त्या काळच्या सरकारी योजनांतली सगळ्यात अक्कलहुशारीची कुठली, तर मी ही सांगेन. धरणं-रस्ते ठीक आहेत. पण इथे पाठीला लगेच कळत होतं. अमेरिका युद्धात उतरल्यावर कापूस दुसरीकडे लागायला लागला आणि योजना आवरली.

पोत्यांचं राज्य मात्र युद्धात आणखी वाढलं, कारण घरगुती कापडाची टंचाई होती आणि पोतं तर माल भरायला लागतंच. युद्धानंतर कागदी पोतं आलं, जास्त स्वस्त, आणि दहाएक वर्षांत छापील पोती गेली. १९५९ मध्ये कॅन्सस राज्यातल्या एका बाईने पोत्यांच्या शिवणस्पर्धेसाठी केलेला फ्रॉक आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. झालरी मात्र फार टिकल्या नसणार. झालर फाटली की तिचं फडकं होतं, आपल्याकडे साडीची गोधडी आणि गोधडीचं पायपुसणं होतं तसं.

आता शेवटी थोडं कामाचं, कारण अर्धे लोक त्यासाठीच ऐकताय. अमेरिकन बॉक्स स्प्रिंगवर एक लेबल शिवलेलं असतं, काढाल तर कायद्याने शिक्षा, अशा धमकीचं. लोक घाबरून ते वर्षानुवर्षं लोंबतं ठेवतात. ते आलं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, कारण काही विक्रेते नव्या कापडाच्या आत जुन्या चिंध्या आणि घाणेरडा भुसा भरून विकायचे. बाहेरून झकास, आत उकिरडा. म्हणून आत काय आहे ते लिहायची सक्ती झाली. धमकी विकणाऱ्यासाठी आहे. तुम्ही विकत घेतलंत की लेबल तुमचं, कात्री लावा. पण त्याआधी ते वाचा, विशेषतः सेकंडहँड असेल तर. आणि शिवणी, कोपरे, खालचं जाळीचं कापड टॉर्च मारून बघा. ढेकणाचे काळे ठिपके दिसले तर कितीही स्वस्त असो, घेऊ नका. वरून छान कापड लावून ढेकूण जात नाहीत, उलट त्यांना घर मिळतं. नाइटिंगेलबाईंचं इथे ऐका.

खोका स्वच्छ असेल तर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे गादीला घालतात तीच इलॅस्टिकची चादर खोक्यालाही घालायची. क्वीन साइजला क्वीन, ६० बाय ८० इंच. गादी वर ठेवली की फक्त बाजू दिसतात, त्यामुळे मधे विटलेली, फाटलेली जुनी चादरही चालते. रंग गादीवरच्या चादरीपेक्षा थोडा गडद घ्या, धूळ कमी दिसते. भाड्याच्या घरातला पलंग असेल तर स्टेपल मारू नका, वळणाच्या पिना मिळतात त्या टोचा, घर सोडताना काढता येतात. आणि झालरच हवी असेल तर हिशोब वर दिलाच आहे. फक्त तुमच्या पलंगाची मापं घाला, कोंबड्या नाही पाळल्यात तरी चालेल.